माया दीड सेंटिमीटर

झाडावर चढायचा पंचेचाळीस मीटरचा दोर मी एका गोणीपायी घालवला. दोर तुटला नव्हता, करवतीखाली आला नव्हता, कुठे पिंजलाही नव्हता. काम आटोपल्यावर नेहमीसारखा तागाच्या गोणीत कोंबला आणि टेम्पोच्या हौद्यात टाकला, एवढंच. हौद्याच्या त्याच कोपऱ्यात आदल्या दिवशी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नेली होती. पत्रा ओला दिसला, तो मला पावसाचा वाटला. दोन दिवसांनी गोणी उचलायला गेलो तर तळाचा ताग जुन्या वर्तमानपत्रासारखा चुरत हातात आला.

त्या तळाशी दोराचे चारपाच वेढे बसले होते. दिसायला ठणठणीत. वरचं वेष्टण पॉलिएस्टरचं, आतला गाभा नायलॉनचा. ॲसिड नायलॉनची ताकद खातं आणि बाहेरून काही कळत नाही. धुऊन बघू, वजन टांगून बघू, निदान तेवढा तुकडा कापून उरलेला वापरू, असं सगळं मनात येऊन गेलं. पण बाकीच्या दोराला ओल लागली नाही हे कोण सांगणार? शेवटी गॅसवर सुरी तापवली आणि त्याचे तीन-तीन मीटरचे तुकडे केले, म्हणजे पुढे मोह व्हायला नको. आता त्यातल्या दोन तुकड्यांवर आमच्या गच्चीत कपडे वाळतात. एवढी महागडी वलनी सबंध सोसायटीत कुणाची नसेल.

मी पुण्यात झाडांच्या छाटणीची कामं घेतो. आधी सह्याद्रीतल्या कड्यांवर दोर लावायचो, मग त्याच दोरावरून झाडात गेलो. सोसायट्यांच्या आवारातले वर्षावृक्ष, गुलमोहर, जुने आंबे, एखादा पिंपळ. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे फांदीला हात लावायच्या आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती कागदपत्रं येईपर्यंत एप्रिल उजाडतो आणि मग मेअखेरपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. जूनच्या मध्यावर खोडं शेवाळतात, बूट सरकायला लागतात, आणि आमचं काम जवळजवळ थांबतं. म्हणून नव्या दोरासाठी थैली शिवायची ही सगळी शिवणटिपण पावसाळ्यातली आहे.

गोणीचा राग बॅटरीच्या आधीपासून होताच. दोराला माती लागते. मातीतले बारीक कण वेष्टणातून आत शिरतात आणि दोर वाकेल तसे आतल्या धाग्यांना कापत राहतात. गोणी ओली राहिली की दोराला बुरशीचा वास. आंब्याखाली उघडी ठेवली तर लाल मुंग्यांचं बिऱ्हाड. सगळ्यात मोठा त्रास गुंत्याचा. नवखा माणूस दोराची नीट वेटोळी करून गाठोडं बांधतो. दिसायला छान, पण प्रत्येक वेटोळ्यागणिक दोराला एक पीळ बसतो आणि वर ओढताना ते सगळे पीळ एकमेकांच्या गळ्यात पडतात. दोर थैलीत नुसता कोंबायचा असतो. एक टोक तळाशी बांधायचं आणि हातावर हात घेत उरलेला जसा पडेल तसा पडू द्यायचा. वरून ओढला की तो जसा गेला तसाच उलट्या क्रमानं बाहेर येतो. हे जमायला थैलीचं तोंड आपणहून उघडं राहायला हवं, ती जमिनीवर स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी आणि तळातून पाणी निघून जायला हवं. गोणीत यातलं काहीच नाही.

बाहेरदेशच्या तयार थैल्या मिळतात. चांगल्याच असतात. पण टपालखर्च आणि जकात धरून जो आकडा झाला, त्यात नव्या दोराचा बराच भाग आला असता. आणि घरात मशीन होतं.

मशीन आईचं. पायमशीन, काळं, सोनेरी वेलबुट्टी बोटांनी घासून अर्धी गेलेली. त्यावर तिनं चाळीसेक वर्षं ब्लाउज, परकर आणि साड्यांचे फॉल शिवले. आमच्या शाळेच्या फीचा बराचसा भाग त्या चाकावरून आला आहे. मी त्याला लहानपणी फक्त गाडी म्हणून वापरलं, खालच्या फळीवर बसून.

"दोराला पिशवी?" आई म्हणाली. "आमच्या गुहागरला माडावर चढणारे कमरेला आकडी बांधायचे. मागं कोयता अडकवला की झालं. पायात वेढा, वर गेला, नारळ पाडले, खाली आला. तुझंच सामान एवढं कसं रे?"

तिला सामान मोजून दाखवलं. मुख्य दोर, फांदीला संरक्षण देणारा पट्टा, कॅरॅबिनर, म्हणजे झडपेच्या धातूच्या कड्या, दहाबारा, कप्प्या दोन, फेकायची बारीक दोरी, तिची वजनं, हातकरवत, प्रथमोपचाराची डबी. ती म्हणाली, "त्यापेक्षा माडच लावा सगळीकडे."

पहिली थैली मी सरावासाठी फुकटच्या कापडाची केली, म्हणजे फ्लेक्सची. आमच्या चौकात कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस असतोच. एक उतरवलेला फ्लेक्स मागून आणला, धुतला आणि कापला. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. कापायला सोपा, कडा उसवत नाहीत. पण त्याला घडी पडली की थर तडकतो आणि पुण्याच्या उन्हात तो दोन महिन्यांत पापड होतो. शिवाय थैली उभी केली की भाऊंची अर्धी मिशी आणि जोडलेले हात बाहेरच्या बाजूला येत होते. एका सोसायटीत चेअरमननी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आपण नक्की कुठल्या पक्षाचे.

पण या फ्लेक्सनं एक गोष्ट शिकवली, टाक्याच्या लांबीची. आईची मशीन ब्लाउजच्या बारीक टाक्यावर लावलेली होती. मी तशीच टीप मारली आणि थैली भरून उचलली, तर शिवणीवरून पट्टी टर्रकन सुटली, पोस्टाची तिकिटं फाडतात तशी. दोरा शाबूत, कापडच भोकांच्या रांगेवर फाटलेलं. थर दिलेल्या कापडाला सुईचं भोक कायमचं राहतं, सुती कापडासारखं ते मिटत नाही. तेव्हापासून टाका चार मिलिमीटरचा. आणि टाचण्या बंद. कापडं एकमेकांना धरायला कपड्यांचे चिमटे आणि ऑफिसातले काळे क्लिप.

मग खरं कापड आणायला रविवार पेठेत गेलो. बॅगांचं कापड, चेन, रनर, बकल, पट्ट्या असं सगळं एका रांगेत मिळतं. दुकानदारानं विचारलं, "शाळेची की लॅपटॉपची?"

"झाडावर चढायची."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नारळ काढता का साहेब?"

त्याच्याकडे मॅटी होतं, पॉलिएस्टरचं, बाजारातल्या बहुतेक पाठपिशव्या त्याच्याच असतात. आतून थर दिलेलं हजार डेनियरचं नायलॉनही होतं. डेनियर हा शब्द आम्ही गिर्यारोहक बॅगा विकत घेताना तोंडात खेळवतो, पण तो काय हे मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. हजार डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा एक किलो भरतो. मी भिंतींना नायलॉन घेतलं, तळाला ट्रकवर टाकतात त्या जातीची जाड ताडपत्री. कापडाचा पन्हा ५८ इंच, म्हणजे एका मीटरमध्ये थैलीची नळी आणि वर खिशाला पुरेल एवढं कापड निघतं.

पट्ट्यांना तिथं नवार म्हणतात, खाटेची नवार तीच. स्वस्त नवार पॉलिप्रॉपिलीनची असते, चकचकीत आणि हलकी. आमचं काम उन्हातलं, आणि ती उन्हात काही महिन्यांत भुसा होते. कुठली नवार कशाची ते ओळखायला मी दुकानात काडेपेटी काढून टोक जाळायला लागलो तसा दुकानदार ओरडला, "अहो साहेब, वर सगळं नायलॉन आहे!" बाहेर फुटपाथवर जाऊन जाळलं. पॉलिएस्टरची नवार घेतली. उन्हात ती नायलॉनपेक्षाही जास्त टिकते आणि ओली झाली तरी फारशी लांबत नाही.

आता माप. पहिल्याच प्रश्नाला अडकलो: पंचेचाळीस मीटर दोराला किती मोठी थैली लागते? नव्या दोराची जाडी ११.७ मिलिमीटर. गणित केलं तर त्याचं नुसतं घनफळ पाच लिटरसुद्धा भरत नाही. पण कोंबलेला दोर म्हणजे शेवयांचं भांडं, हवाच जास्त. शेवटी रंगाची वीस लिटरची बादली घेतली आणि दोर तिच्यात सोडला. काठोकाठ भरली. म्हणजे चौपट. वर अर्धी वीत मोकळी जागा हवी म्हणून थैली २८ सेंटिमीटर व्यासाची आणि ४५ सेंटिमीटर उंचीची ठरवली, साधारण अठ्ठावीस लिटर.

शिवणीत आत जाणारं जादा कापड, त्याला माया म्हणतात. प्रत्येक शिंपी, प्रत्येक आई म्हणते, माया सोड. मी दीड सेंटिमीटर सोडली. तळाचा गोल दोन्हीकडे माया धरून ३१ सेंटिमीटर व्यासाचा कापला. आता या गोलाभोवती नळी बसवायची. ३१ गुणिले ३.१४, म्हणजे ९७. त्यात उभ्या शिवणीची दोन्हीकडची माया तीन. बरोब्बर शंभर. आकडा असा गोल आला म्हणून मी खूषच झालो. दुकानदारानं मीटर कापून दिलेलं कापड जसंच्या तसं वापरता येणार होतं.

नळी शिवली. तळ जोडायला घेतला. अर्ध्या गोलापर्यंत ठीक गेलं आणि मग नळीचं कापड उरायला लागलं. मी दाबून बसवलं. आणखी उरलं. आणखी दाबलं. शेवटी गोल संपला आणि चार बोटं कापड सुईसमोर उभं राहून माझ्याकडे बघत होतं. ते चुण्या घालून आत रेटलं. थैली उलटली तर तळ परकराच्या झालरीसारखा फुललेला, एका बाजूला लंगडणारा.

आई भाजी निवडत होती. तिनं हातातली गवार बाजूला ठेवली, थैली परत उलटी केली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"किती धरलास गोल?"

"एकतीस."

"कापलास एकतीस. शिवलास किती?"

मी गप्प.

"अरे, टीप कुठं पडते? मायेच्या आत. मग टिपेवर मोजायचं. बाहीचा घेर काय कापडाच्या काठावरून मोजतात?"

टिपेवरचा व्यास २८. त्याचा घेर ८८. त्यात तीन मिळवले की ९१. मी शंभर धरले होते. नऊ सेंटिमीटर कापड कुठे जाणार, ते चुण्यांमध्ये गेलं. विज्ञान शाखेची पदवी असलेला मी, आणि सातवीत शाळा सुटलेल्या बाईनं मला घेर शिकवला. ती लंगडी थैली उसवावी म्हटलं तर भोकं मिटणार नव्हती. ती तशीच राहिली. आता तिच्यात कांदे असतात.

दुसऱ्या खेपेला आईनं शेजारी स्टूल घेतलं. गोल दोनदा दुमडून त्याच्या काठावर खडूच्या चार खुणा. नळीही तशीच दुमडून चार खुणा. खुणेला खूण जोडून चिमटे लावले आणि मग मधली कापडं. नळीच्या काठावर दर दोन सेंटिमीटरला कातर मारायची, पण टिपेपर्यंत पोचू द्यायची नाही, सेंटिमीटरभर आतच थांबायचं. अशा कातरी मारल्या की सरळ काठ वळणावर पंख्यासारखा उघडतो आणि गोलाला बिलगतो. गोल खाली, नळी वर. डाव्या हातानं सावकाश फिरवत न्यायचं, ओढायचं नाही. मशीनचं चाक मी पायानं नव्हे, हातानं फिरवलं, एकेक टाका. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरला पाऊण तास लागला. बसलं. चुणी एक नाही. त्या रेषेपासून अर्धा सेंटिमीटर मायेच्या बाजूला दुसरी टीप मारली, आणि उघड्या कडांना गोट शिवला, नाहीतर दोराला नायलॉनचे सुटे धागे चिकटत राहतात.

ताडपत्रीवर मशीनचा पाय चिकटतो आणि कापड पुढे सरकत नाही, टाके एकावर एक पडतात. त्यावर उपाय बटर पेपरची पट्टी मध्ये घालून तिच्यावरूनच टीप मारायची आणि नंतर कागद फाडून टाकायचा. आईकडे याहून सोपा होता, पायाला खालून कोरडा साबण घासायचा.

दोऱ्यावरून आमचं थोडं वाजलं. मी जाड बाँडेड नायलॉन आणला होता. सुती दोरा पावसात कुजतो, साधा पॉलिएस्टरचा बारीक पडतो. जाड दोऱ्याला सुई अठरा नंबरची लागते. तेवढं ठीक. पण बॉबिनमध्येही तोच दोरा भरायचा तर बॉबिनच्या डबीचा बारीक स्क्रू सैल करावा लागतो. मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि आईनं डबी माझ्या हातातून काढून घेतली.

"हा स्क्रू मी एकदा लावलाय. तू फिरवलास तर माझे ब्लाउज तू शिवणार?"

तिचं बरोबर होतं. तो ताण बोटांनी ओळखून लावलेला असतो, आकड्यावर लिहिलेला नसतो. दुसऱ्या दिवशी जाऊन नवी डबी आणली, तिचा स्क्रू पाव फेरा सैल केला, आणि दोन्ही बाजूंनी टाका सारखा पडेपर्यंत चिंध्यांवर टिपा मारत बसलो. त्या डबीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. घरच्या मशीनवर कुणी जाड काम करणार असेल तर या ठिपक्याचा सल्ला मी सगळ्यात आधी देईन.

तोंड उघडं ठेवायला कडं हवं. वर नेफा शिवला, जसा परकराला असतो तसाच, फक्त रुंद, आणि त्यात नाडीऐवजी बागेच्या पाइपचा तुकडा ओवला. पाइपची दोन टोकं जोडायला आत लाकडाची खुंटी ठोकली. पाइप वाकतो, चिरडला तरी परत गोल होतो. त्याच्या वर कापडाचा एक गळा आणि त्याला खरी नाडी, म्हणजे टेम्पोत ठेवताना तोंड बांधता येतं. तळाला चार आयलेट, म्हणजे भोकांच्या धातूच्या कड्या, ठोकले, पाणी निघायला. आत तळाशी नवारीचा एक फास, दोराचं टोक बांधायला. तसाच एक वर तोंडाशी, दुसऱ्या टोकासाठी. तोंडाशी लाल नवार आणि तळाशी काळी, म्हणजे कुठलं टोक कुठलं हे झाडावरूनही ओरडून विचारता येतं.

मुठी मात्र आमच्या मशीनला झेपल्या नाहीत. दुहेरी नवार, खाली नायलॉनचे दोन पदर आणि आधाराला ताडपत्रीचा तुकडा. शिवण लाकडी हातोडीनं ठोकून चपटी केली, चाक हातानं फिरवलं, तरी तीन सुया गेल्या. तिसऱ्या सुईचं टोक चष्म्याला लागलं तेव्हा थांबलो. आमच्या स्टॉपजवळ चपला आणि बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी थैली मांडीवर घेतली, आरी खुपसली, मेण लावलेला दोरा खालून उचलला, आणि चौकोन आणि त्यात फुली अशा चार शिवणी वीस मिनिटांत घातल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी हे सांगा, हिच्यात माणूस बसणार का?"

"नाही, दोर."

"मग ठीक. माणूस बसणार असता तर मी शिवलं नसतं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, कारण माझाही नियम तोच आहे. थैली मी शिवतो. पिशवी, म्यान, खोका, काय हवं ते. जिथं माझं किंवा कुणाचं वजन लटकणार आहे तिथं माझा एक टाका पडत नाही. हार्नेसची, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांची, किंवा स्लिंगची, म्हणजे वजन पेलणाऱ्या पट्टीच्या फासाची, शिलाई दिसते साधीच, आडवीतिडवी टीप. पण तिचा दोरा, टाक्यांची संख्या, त्यांची मांडणी ठरलेली असते, ते नमुने कारखान्यात तुटेपर्यंत ओढून पाहिलेले असतात. गेल्या वर्षी एका ओळखीच्या ट्रेकरनं मांडीचा पट्टा उसवलेला हार्नेस आणून दिला, "तू आता शिवतोसच, तर दोन टिपा मार." मी मारल्या नाहीत. तो आठवडाभर बोलला नाही.

मुठीची परीक्षा मात्र घेतली, कारण थैली झाडावर ओढूनही घ्यावी लागते आणि खाली जोडीदार उभा असतो. पाण्याचा वीस लिटरचा जार भरून थैलीत घातला आणि ती रात्रभर बाल्कनीच्या गजाला टांगली. सकाळी आई म्हणाली, "रात्रभर झोप नाही मला. खालच्यांच्या कुंड्या आहेत तिथं."

जे मी तपासलं नाही त्यानं हात दाखवला. उंच फांदीवरून दोर न्यायचा तर आधी दोन मिलिमीटरची बारीक दोरी टाकतात आणि तिच्या टोकाला वजनाची छोटी पिशवी असते, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच पिशव्यांत शिशाचे छर्रे असतात. मी सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे पोलादी छर्रे आणले, वाण्याच्या तराजूवर साडेतीनशे ग्रॅम मोजले आणि जाड कॅनव्हासची लांबुळकी थैली शिवली. छोटीच तर आहे, म्हणून एकेरी टीप. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला पिशवी फुगीर झाली, आणि फुगीर पिशवी बेचक्यात अडकते. कर्वेनगरातल्या एका वर्षावृक्षात ती अडकली. मी झटका दिला. दुसरा दिला. तिसऱ्या झटक्याला वरून टपटपटपटप आवाज आला. पिशवीचा तळ सुटला होता आणि छर्रे फांद्यांवर उड्या मारत खाली येत होते. पार्किंगमध्ये एक पांढरी गाडी होती. तिच्या टपावर दहाबारा तरी वाजले. पोचा एकही आला नाही, पण मालक खाली आले आणि वाकून छर्रे वेचणाऱ्या आम्हा दोघांकडे बराच वेळ बघत राहिले. जोडीदार म्हणाला, "काका, गारा नाहीत, काळजी करू नका."

त्यानंतरची पिशवी दुहेरी आहे. आत छर्ऱ्यांची एक घट्ट पुरचुंडी, बाहेर कॅनव्हासची खोळ, दोन्हींना दोन-दोन टिपा आणि तळाला हातशिलाई, दाभणानं. बारीक आणि लांब केली, काकडीसारखी. सहसा अडकत नाही. अडकली तर झटके देत नाही.

त्या बारीक दोरीसाठी घडीचा खोका शिवला, हातभर रुंद, चार भिंतींत प्लॅस्टिकच्या फाइलींचे पुठ्ठे घालून. उघडला की चौकोनी टब, दुमडला की त्रिकोण. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सगळ्या शिवणी सरळ आहेत. साठ मीटर दोरी त्यात सैल पडते आणि फेकताना सरसर निघते. आधी ती गवतावर पसरायचो तेव्हा प्रत्येक काडी तिला धरून ठेवायची. कॅरॅबिनर आणि कप्प्यांना वेगळी पिशवी केली, चेन लावून, आणि महिन्याभरात चेनच्या दातांत लाकडाचा भुसा बसून रनर जाम झाला. चेन काढली, तिथं घडी घालून बकल लावलं. करवतीचं तेल आणि पेट्रोल यांना फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्याची पिशवी आहे, मुद्दाम भडक, मिशीसकट, म्हणजे चुकूनही तिच्यात दोर जाणार नाही.

दोराच्या थैलीला आता दोन पावसाळे झाले. भिंती छान आहेत. नवार फिकट झाली, ताकद आहे. झिजली ती तळाची कड, जिथं गोल आणि नळी जुळतात. थैली ओढली जाते तेव्हा सिमेंटवर तीच घासते. गोट फाटून आतली टीप दिसायला लागली आहे. पुढच्या वेळी ताडपत्री नुसती तळाला न लावता भिंतीवर हातभर वर आणायची, म्हणजे जोड जमिनीपासून उंच जाईल. एक आयलेट गंजून पडला, कारण मी पितळी सोडून पत्र्याचे घेतले होते. ते जमेला धरायचं, वीस रुपये वाचवले होते.

जोडीदार म्हणतोय, दादा, मलाही एक हवी. मी त्याला बादलीत दोर घालून मोजायला सांगितलं. त्याचा दोर साठ मीटरचा आहे, म्हणजे व्यास ३२ धरावा लागेल. हिशेब करायला मशीनचा खण उघडला. खणाच्या फळीवर आतून आईनं पेन्सिलीनं गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवलेली असतात, छाती, कंबर, बाही, वर्षानुवर्षांची. त्यांच्या खाली मी खडूनं लिहिलं होतं: गोल ३१, नळी ९१. शेजारी तिनं कधीतरी पेन्सिलीनं भर घातली आहे: शिवण २८.